निम्मं दानूचं, निम्मं चैतालीचं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

बाटली मिळाली एकदाची! तपकिरी, वितीएवढी. वर नाव नाही, नुसता नंबर — सतरा. सोबत बिनसुईची सिरिंज. सकाळ-संध्याकाळ जेवण झालं की मोजून दानूच्या तोंडात सोडायचं.

हॉस्पिटलची एक वही आहेच. त्यात दानूचे झटके लिहायचे — तारीख, वेळ, किती मिनिटं. गेला महिनाभर नुसते मोजायला लावले होते. अकरा झाले. मध्ये एकदा मी लिहिलं, "आज दानू दुपारभर हसत होती." धम्मप्रियाने त्याला पेन्सिलीने गोल केला. "मावशी, इथे फक्त झटके." धम्मप्रिया म्हणजे हा औषधाचा अभ्यास सांभाळणारी पोरगी. बोलायला गोड, नियमाला पक्की. म्हटलं बरं बाई, बाकीचं माझ्या वहीत लिहीन. ही कडक भाकरीच्या ऑर्डरींची वही. पुढची चार पानं फाडली आणि बसले लिहायला.

फॉर्मवर होतं — पेशंटशी नातं. मी लिहिलं, नणंद. धम्मप्रियाने वर बघितलं. "आई नाही आल्या?" सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. जाताना दानूचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू नीट बघशील असं वाटत नाही, सिद्धेश्वरी, पण दुसरं आहे कोण?" अशा होत्या!

४ फेब्रुवारी

आमच्या ह्यांना आज सगळं नीट सांगितलं. उभेच राहिले. "गांजा? माझ्या बहिणीला गांजा पाजणार?"

धम्मप्रियाने मला जसं समजावलं तसं मी त्यांना समजावलं. झाड भांगेचंच, पण त्यातला नशेचा भाग बाजूला काढलाय. उरलेल्या भागाने परदेशात काही लहान मुलांचे झटके कमी झाले. दानूसारखा — सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि तेव्हापासून गोळ्यांना दाद न देणारा — आजार असेल, वय एकतीस असेल, तर किती उपयोग होतो ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. म्हणून तर अभ्यास. तरी ह्यांचं तोंड वाकडंच. मग मी विचारलं, "महाशिवरात्रीला देवळामागनं ठंडाई पिऊन डुलत येता, ती कुठल्या झाडाची?"

घरच्यांच्या सहीचा एक कागद राहिला होता, त्यावर मुकाट सही केली.

मात्र एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. निम्म्या लोकांना खरं औषध, आणि निम्म्यांना तसल्याच वासाचं साधं तिळाचं तेल. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. "नाणं उडवल्यासारखं, मावशी." माझ्या दानूचं नाणं उडवलं!

१० फेब्रुवारी, सोमवार

रक्त द्यायला गेलो. दानूचा सोमवारचा उपास बंद केलाय, धम्मप्रियाने दम दिला. उपाशीपोटी जुन्या गोळ्या चुकायच्या, आता घड्याळ लावून जेवण आणि गोळी. दानू म्हणते, "महादेव रागावेल की." म्हटलं, त्याचं मी बघते.

बाकावर शेजारी पारूबाई होत्या. मंद्रूपच्या, अंगणवाडीत मदतनीस. बरोबर लेक चैताली, बावीस वर्षांची, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिलाही झटके, तिच्याकडेही बाटली. नंबर अठरा! लगेच गप्पा. "आमच्यात कुणाला सांगितलं न्हाय," पारूबाई म्हणाल्या. "पोरीचं लग्न व्हायचंय अजून." मी म्हटलं, आमच्यात सगळ्यांना सांगितलं, म्हणूनच हिचं झालं नाही.

दानूला तिथंच झटका आला. मी डोकं मांडीवर घेतलं आणि कुशीवर वळवलं. पारूबाईंनी पाय दाबून धरले नाहीत, तोंडात चमचा, नाकाला चप्पल असलं काही केलं नाही, नुसती ओढणी सरळ केली आणि घड्याळ बघत राहिल्या. दीड मिनिट. भानावर येताना दानू कायम आमची घरची कन्नडच बोलते, मराठी मागून येते. "नीर," म्हणाली. मी पिशवीत बाटली शोधेपर्यंत पारूबाईंनी आपलं पाणी पुढं केलं. आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं — चालेल ना, असं. दानू घटाघटा प्यायली.

नंतर मी भाकरी काढली. दानूला हातात दिली. पारूबाईंना कागदावर ठेवून दिली. मुद्दाम नाही. हात आपोआप गेला. सासूबाईंच्या घरात पंचवीस वर्षं काढली, हाताला वळण ते लागलंय. त्यांनी कागदावरची भाकरी मोडून खाल्ली. मला मात्र घरी येईपर्यंत तो कागदच दिसत होता.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चार दिवस एकही झटका नाही. चार! दानूने उपास मागितला, दिला नाही, तर मी केलेली शेंगाची पोळी तिसरी मागून खाल्ली.

३ मार्च, सोमवार

दानूचे झटके महिन्यात चार. अकराचे चार! डॉक्टर हसले, पण लगेच हसू आवरलं. त्यांनीही जास्त हसायचं नाही असा नियम असावा.

बाहेर आले तर पारूबाई भिंतीला टेकलेल्या. चैतालीचे नऊ होते, नऊच आहेत. शिवाय पोर दिवसभर झोपते, जेवणावरची वासना उडाली, पोट बिघडलेलं. "आमच्या बाटलीत नुसतं तेलच आलं म्हनायचं," त्या म्हणाल्या. "आसूद्या. कुणाला तरी लागू पडतंय न्हवं."

मला काय वाटलं ते इथं खरं लिहिते. पहिल्यांदा आनंद झाला. दोघींत एक म्हणजे खरं आमच्याकडे आलं! सतरा आमचा, अठरा त्यांचा. मग पारूबाईंच्या तोंडाकडे बघवेना.

५ मार्च

दानू भाकऱ्या रचत होती. एकदम म्हणाली, "वैनी, माझे चार आणि तिचे नऊ. कसं तरी वाटतंय."

"मग मी काय करू?"

"निम्मं देऊ की."

चांगली ओरडले तिच्यावर. चोवीस वर्षं हाल काढलेस, आता कुठं दोन दिवस बरे आलेत तर दानशूर व्हायला निघालीस! ती रचलेल्या भाकऱ्या पुन्हा रचत बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च

दोघींची वजनं सारखी — चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस. म्हणजे माप एकच. हे मला का आठवावं?

१० मार्च, सोमवार

केलं.

पारूबाईंना फोन करून बोलावलं. बाजाराच्या निमित्ताने आल्या. शुक्रवार पेठेतल्या ह्या घरात पहिल्यांदा. उंबऱ्याशीच उभ्या. मी हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं नाही.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सरळ म्हटलं, दोन्ही बाटल्या एकत्र करू आणि निम्मं-निम्मं वाटून घेऊ. दोघींनाही थोडं-थोडं खरं मिळेल. त्या घाबरल्या. "तुमच्या पोरीचं कमी हुईल की वो. नगं, ताई. तुमची बरी हाय तर बरी ऱ्हाऊद्या."

"माझ्या पोरीनेच सांगितलंय."

मग त्या बसल्या. पदराने डोळे पुसत राहिल्या. मी चटणीच्या तेलाचं स्टीलचं भांडं काल उकळून उन्हात वाळवून ठेवलं होतं. दोन्ही बाटल्या ओतल्या. ओतताना वास घेतला. आमचं तेल जरा जड, औषधी. त्यांचं फिकं. म्हटलं, बघा, कळतंय! वीस वर्षं शेंगाच्या चटणीत घालवली, तेलात मला कोण फसवणार? ढवळलं, मोजून परत भरलं. हिशोबाला थेंबही इकडचा तिकडे नाही.

चहा दिला. आमच्या रोजच्या कपात. पारूबाई कप धरून बराच वेळ नुसत्या बसल्या होत्या, म्हटलं गार होईल.

चैतालीला सांगायचं नाही असं ठरलं. शिकलेली पोर, नियम काढेल.

१७ मार्च

पारूबाईंचा फोन. चैताली जागी राहते! जेवते! काल कॉलेजला गेली! "लई उपकार झाले, ताई." मी म्हटलं, उपकार कसले. पण फोन ठेवल्यावर छाती दोन बोटं फुगली होती, खोटं कशाला बोलू.

दानूला जरा सुस्ती वाटते. ऊनच असलं पडलंय, माणसाने करावं काय?

३१ मार्च, सोमवार

दानूचे पाच. एक वाढला. जीव चरकला, पण ती म्हणाली, "चैतालीचे सात झाले की, वैनी." दोघींचा हिशोब एकत्र मांडते आता. नव्या बाटल्या मिळाल्या, घरी आणून पुन्हा एकत्र केल्या.

धम्मप्रियाने वही तपासली. म्हणाली, "मावशी, तुमची वही सगळ्यात नीट आहे. ह्या वह्यांवरूनच उद्या ठरणार, पुढच्या पेशंटना हे औषध द्यायचं की नाही. कुठं कुठं तुमच्यासारख्या बसल्या असतील वाट बघत." मी हसले. चोराच्या मनात चांदणं!

१४ एप्रिल, सोमवार

मंद्रूपला गेलो, दोघी. पारूबाईंनी जयंतीला बोलावलं होतं. मांडव, निळे झेंडे, स्पीकरवर भाषणं. चैताली पांढऱ्या साडीत इकडून तिकडे पळत होती. तिला इतकी जागी मी कधी पाहिलीच नव्हती.

दानू कशालाच हात लावत नव्हती. आठ दिवस झाले, दोन घासांवर उठते. पारूबाईंनी तिला आत नेलं. थोड्या वेळाने बघते तर तिच्यापुढं ताटली धरून बसल्यात आणि ही खीर खातेय. "तुमास्नी चालतंय का, इचारलं न्हाय," पारूबाई म्हणाल्या. मी ताटलीतली उरलेली खीर बोटाने पुसून खाल्ली. गूळ जरा जास्त होता, तेही सांगितलं. पारूबाई हसल्या.

२१ एप्रिल

ह्या महिन्यात आत्तापर्यंत दानूला एकच झटका! निम्म्या औषधावर एकच! देणाऱ्याला देव कमी पडू देत नाही म्हणतात ते असं. ह्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.

२८ एप्रिल, सोमवार

दानूचे लिव्हरचे आकडे तिप्पट झालेत. वजन एक्केचाळीस.

डॉक्टर जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून बघत होते. "पहिल्या महिन्यात अगदी नॉर्मल. मध्ये काय बदललं? दुसरं काही औषध? गावठी काढा? डोस चुकला?"

"काही नाही," मी म्हटलं.

ते म्हणाले, बदल काहीच नसेल तर दोष कशाचा ते कळत नाही. बाटली थांबवायची की जुनी गोळी कमी करायची, परवापर्यंत ठरवू. जुनी गोळी! ती कमी केली की दानूची काय गत होते, हे मी सासूबाई असताना एकदा बघितलंय. अर्धा तास थांबला नव्हता झटका. जीभ चावून उशी लाल झाली होती.

आणि मी म्हटलं, काही नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी दानूला सांगितलं, मी आज खरं सांगणार. औषध बंद होईल, कायमचं. ती भाकरीचा तुकडा मोडत होती, खात नव्हती. "एका महिन्यात एकच झटका आला होता, वैनी," म्हणाली. "कसं असतं ते कळलं तरी." मग मला जवळ घ्यावंच लागलं. एकतीस वर्षांची आहे, पण खांदे अजून पोरीचेच. ह्या पोरीवर माझा जीव आहे. सासूबाई, ऐका, नीट बघतेय मी. चुका करत करत बघतेय.

पारूबाईंना फोन केला. चैतालीचंही बंद होणार, त्यांना विचारल्याशिवाय कसं सांगू? फोनवर मागे अंगणवाडीतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. म्हणाल्या, "सांगा की. पोरीच्या जिवापरीस मोटं हाय व्हय काई? थांबा, मी बी येती. तुमी एकल्या नगा जाऊ."

दीड तासात आल्या, तशाच, अंगणवाडीच्या साडीवर.

डॉक्टरांपुढं दोघी उभ्या राहिलो. मी सगळं सांगितलं — भांडं, उकळणं, मोजणं. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग, "ताई, तुम्हाला कल्पना आहे का काय केलंत?" आवाज चढला होता. मध्येच उतरला. "दोन महिने. आणि आम्ही इथं आकडे लावत बसलोय."

धम्मप्रिया माझी वही हातात घेऊन उभी होती. सगळ्यात नीट वही! ती रागावली असती तर चाललं असतं. तिचे डोळे भरले होते. "मावशी, मला एकदा विचारायचं होतं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तू नाही म्हणाली असतीस. "हो," म्हणाली. "नाहीच म्हणाले असते."

दोघींनाही अभ्यासातून काढलं. बाटल्या परत घेतल्या. जुनी गोळी मात्र आहे तेवढीच ठेवायची — हे माझ्या सांगण्यामुळे झालं, एवढं एकच. दोघींनी नक्की काय घेतलं ते कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत, म्हणून दोन्ही नंबर उघडायला वर लिहिणार आहेत.

२ मे

काल रात्री एक, आज सकाळी एक. सव्वा मिनिट, दोन मिनिटं. हॉस्पिटलची वही गेली तरी मी मोजतेच आहे. ह्यांनाही सगळं सांगितलं. मला वाटलं आकाशपाताळ एक करतील. नुसते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? भांडं धरलं असतं."

पारूबाईंच्या पोरीसाठी जास्त वाईट वाटतं. नुकती कुठं उठून चालायला लागली होती, माझ्या निम्म्यावर. ते निम्मंही मीच तोंड उघडून काढून घेतलं. दानूला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "दिलं होतं ते दिलं होतंच की, वैनी."

५ मे, सोमवार

धम्मप्रियाचा फोन आला. नंबर उघडले.

खरं औषध अठरा नंबरच्या बाटलीत होतं, चैतालीच्या. आमच्या बाटलीत पहिल्या दिवसापासून साधं तिळाचं तेल. अकराचे चार झाले ते बहुतेक उपास सुटून घड्याळ लावून जेवण आणि जुनी गोळी झाल्यामुळे, धम्मप्रिया म्हणाली. तिची झोप, तिचं न जेवणं — ते औषधाचं होतं, ते निम्मं झालं म्हणून पोर उठून बसली. आणि एप्रिलात दानूचे झटके एकावर आले ते चैतालीच्या वाट्याच्या औषधामुळे, लिव्हरचे आकडे चढले तेही त्यानेच. दोन महिने मी घेत होते, आणि देते म्हणून मिरवत होते!

पारूबाईंना फोन लावला. त्यांना आधीच कळलेलं. मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, "अवो, त्यात रडायचं काय? कुणाच्या का बाटलीत असंना. दानू आज जेवली का, त्ये सांगा आदी."